लस दिली होती, तरी मानमोडी आली: साक्री तालुक्यातल्या एका शेडचे प्रकरण

दहिवेल सोडले की रस्ता कोंडाईबारी घाटाकडे निघतो. त्या बाजूला आबांची शेड आहे. अंड्यांच्या जातीच्या चार हजार तलंगा, वय सात आठवडे. जूनचा पहिला आठवडा होता, पावसाचा पत्ता नव्हता आणि सकाळी अकरालाच पत्रे तापून कडकड वाजत होते. मी पोहोचलो तेव्हा दारात सतरा मेलेले पक्षी ओळीने मांडून ठेवलेले होते. आबा त्यांच्याकडे पाठ करून रस्त्याकडे बघत उभे होते.

"लस तं दिन्ही व्हती, डाक्टरसाहेब. मंग कशा मरी ऱ्हायन्यात?"

धुळे-नंदुरबार पट्ट्यात पशुवैद्यक म्हणून काम करताना हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. बहुतेक वेळा उत्तर साधे असते. लस आणताना बर्फ वितळला, पिण्याच्या पाण्यात क्लोरीन होते, पक्ष्यांना आधी तहानवले नाही, किंवा कोपऱ्यातल्या दुबळ्या पक्ष्यांपर्यंत पाणी पोहोचलेच नाही. या शेडमध्ये यातले काहीच नव्हते. इथले उत्तर पक्ष्याच्या मानेत, शेपटीखाली आणि शेवटी पेशीच्या केंद्रकात सापडले. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

पहिले दोन दिवस

लक्षणे पाहताच मानमोडी डोळ्यांसमोर आली. हिरवट पातळ विष्ठा, चोच उघडी ठेवून श्वास, पंख ओढत चालणे, आणि दहा-बारा पक्ष्यांच्या माना पिळल्यासारख्या मागे वळलेल्या. पुस्तकात या रोगाला राणीखेत म्हणतात, कुमाऊँच्या डोंगरातल्या त्या गावावरून. आपल्याकडचे मानमोडी हे नाव मला जास्त नेमके वाटते, कारण ते लक्षणच सांगते.

तरीही पहिला फोन पशुसंवर्धन खात्याला केला. घाट उतरला की नवापूर आहे. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये तिथेच झाला आणि त्या वेळी शेडच्या शेडमधले पक्षी मारून पुरावे लागले. या भागात पोल्ट्री करणाऱ्या घरांत ते दिवस अजून कोणी विसरलेले नाही. घाऊक मरतूक दिसली की आधी बर्ड फ्लू नाही याची खात्री करायची आणि मगच पुढचे बोलायचे, हा माझा नेम आहे. नमुने गेले, अहवाल नकारार्थी आला, तेव्हा आबा दोन दिवसांत पहिल्यांदा खाली टेकले.

चाकूखाली

शेडमागच्या निंबाखाली सहा पक्षी उघडले. ग्रंथिल जठराच्या आतल्या पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके, आंधळ्या आतड्यांच्या मुळाशी असलेल्या टॉन्सिलमध्ये रक्तस्राव. मानमोडीचे निदान तिथेच झाले. पुष्कळदा माणूस इथे हात धुतो. पण लस घेतलेल्या कळपाला मानमोडी का झाली, हा आबांचा प्रश्न तसाच होता. त्यामुळे मी मानेची कातडी हनुवटीपासून छातीपर्यंत सोलली.

थायमस म्हणजे टी पेशी नावाच्या रोगप्रतिकाराच्या पेशी घडवणारा अवयव. कोंबडीत तो माणसासारखा छातीत एका जागी नसतो. मानेच्या दोन्ही बाजूंनी, मोठ्या शिरेला धरून, साधारण सात-सात फिकट गुलाबी खंड माळेसारखे ओवलेले असतात. सात आठवड्यांच्या निरोगी पक्ष्यात ती माळ कातडी काढताक्षणी नजरेत भरते. या पक्ष्यांत शीर दिसत होती, तिच्या कडेला थोडी चरबी दिसत होती, आणि माळेच्या जागी तांदळाच्या कणीएवढे दोन-तीन पांढुरके ठिपके. एका पक्ष्यात तर बोटाने चाचपूनही डाव्या बाजूला काही लागले नाही.

मग बर्सा. हा अवयव फक्त पक्ष्यांत असतो. विष्ठामार्गाच्या शेवटी, वरच्या अंगाला असलेली छोटी पिशवी. ती कापून उलटी केली की आतल्या उभ्या घड्या दिसतात, नाडी ओढून आवळलेल्या चंचीसारख्या. या वयात ती चांगल्या बोराएवढी हवी. निदान प्लीहेपेक्षा मोठी तरी हवीच, हा आमचा शेडवरचा सोपा ठोकताळा. सहाही पक्ष्यांत ती हरभऱ्याएवढी होती, आतल्या घड्या चपट्या पडलेल्या, आणि प्लीहा स्वतःच लहान असूनही बर्सा तिच्याहून लहान.

रोगप्रतिकाराच्या पेशी घडवणारे दोन्ही अवयव एकाच वेळी आटलेले. म्हणजे मानमोडी हा या घरात नंतर शिरलेला चोर होता. कडी आधीच कोणीतरी काढून ठेवली होती.

कडी कोणी काढली

पहिला संशयित गंबोरो. हा विषाणू बर्सावरच जाऊन बसतो. सुरुवातीला बर्सा सुजते, तिच्यावर पिवळसर चिकट थर येतो, कधी रक्तस्राव होतो, आणि आठवडाभराने ती आटते. आटलेली बर्सा पाहून जुना गंबोरो म्हणता आले असते. पण त्या वयात तसा आजार किंवा एकदम वाढलेली मरतूक कोणी पाहिलेली नव्हती, आणि गंबोरोचा मुख्य मार बर्सावर असतो. थायमस इतका पुसून जाणे त्यात बसत नव्हते.

दुसरा, पिल्लांचा ॲनिमिया विषाणू. तो थायमस आटवतो, पण त्यात मांडीच्या हाडातला मगज फिका, चरबीसारखा पडतो. मी हाड फोडून पाहिले, मगज लाल होता. तिसरे, मक्यातली बुरशी. आपल्याकडे खाद्यात मका भरपूर, आणि ओल लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन यकृताबरोबर बर्सा आणि थायमसही खाते. यकृतात मला अफ्लाटॉक्सिनसारखे काही दिसले नाही.

चौथा संशयित उन्हाळा, आणि तो मला सगळ्यात पटत होता. धुळ्याच्या मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. उष्णतेचा ताण बसला की पक्ष्याची अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिकोस्टेरॉन हे स्टेरॉइड संप्रेरक सोडते आणि त्याने लसिकापेशींचे, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे अवयव आटतात. ताणाखाली थायमस आकसतो हे ताणाचे अभ्यासक हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्येच उंदीर-घुशींवरच्या कामातून मांडले होते. थायमस लहान, जठरात व्रण आणि अधिवृक्क ग्रंथी मोठी, ही त्यांची त्रयी.

मूत्रपिंडाच्या पुढच्या टोकाशी त्या ग्रंथी पाहिल्या तेव्हा मी थबकलो. ताणाने त्या फुगायला हव्या होत्या. इथे त्या बारीक, चपट्या होत्या. शरीर स्वतः हे संप्रेरक बनवत असेल तर कारखाना मोठा होतो. संप्रेरक बाहेरून आयते मिळत असेल तर मेंदूखालची पीयूषिका अधिवृक्काला हुकूम देणे थांबवते आणि कारखाना गंजतो. या पक्ष्यांना बाहेरून कोणीतरी स्टेरॉइड दिले होते.

मी आबांना सरळ विचारले. ते म्हणाले, "काहीच नाही दिलं, फक्त लस आणि जीवनसत्त्व." ते खोटे बोलत नव्हते. त्यांच्या लेखी त्यांनी खरेच काही दिलेले नव्हते.

सूनबाईंची वही

त्या घरातली वही आबांची सून ठेवते. शाळेची दोनशे पानी वही, पट्टीने आखलेले रकाने: तारीख, वय, खाद्य, मेले, लस, इतर. अक्षर सुबक. मी ओट्यावर बसून पान उलटत गेलो. वय ६ दिवस, मानमोडीची लस डोळ्यात. १४ दिवस, गंबोरो. २८ दिवस, गंबोरो दुसरी मात्रा. ३५ दिवस, लासोटा, म्हणजे मानमोडीची जिवंत लस, पाण्यातून. वेळापत्रक नीट, एकही दिवस चुकलेला नाही.

'इतर'च्या रकान्यात मात्र २६ व्या दिवसापासून एक नोंद दिसायला लागली: "पु. २". दुसऱ्या दिवशी पुन्हा "पु. २". एक-दोन दिवस कोरे, मग पुन्हा तेच. शेवटची नोंद मी गेलो त्याच्या आदल्या दिवसाची.

"वहिनी, हे पु. म्हणजे?"

"पुडी, सर. पक्षी धापा टाकत होते ना मे महिन्यात, घसा घरघरत होता. औषधवाल्यांनी दिली होती. थंडावा येतो, सूज उतरते म्हणाले. पाण्यात दोन टाकायच्या. खरंच दोन दिवसांत पक्षी टवटवीत झाले होते."

त्या बाई खोटे सांगत नव्हत्या. स्टेरॉइडने सूज उतरते, घरघर कमी होते, पक्षी उठून खातो. औषध काम करते, म्हणूनच ते इतके फसवे आहे. पुडीवर नाव नव्हते, घटक नव्हते, तारीख नव्हती. उरलेल्या पाच पुड्यांपैकी दोन तपासायला पाठवल्या. अहवाल आला: डेक्सामेथासोन, म्हणजे स्टेरॉइडच.

नशिबाने तुलनेला एक शेड जवळच होती. आबांचे धाकटे भाऊ, नाना, यांची शेड अर्ध्या किलोमीटरवर. त्याच हॅचरीची, त्याच दिवशीची पिल्ले, खाद्य एकाच गाडीतून आलेले, लस एकाच डब्यातून आणून एकाच सकाळी दोन्हीकडे दिलेली. फरक इतकाच की नानांनी पुडी घेतली नव्हती, कारण त्यांना ती महाग वाटली. दोन्ही शेडमधल्या वीस-वीस धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यांचे रक्त तपासले. नानांकडे मानमोडीविरुद्धच्या प्रतिपिंडांची, म्हणजे विषाणूला अडवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांची पातळी बहुतेक पक्ष्यांत १:६४ किंवा त्याहून वर. आबांकडे बहुतेक १:८ किंवा त्याखाली. नानांच्या शेडमधला पाय मोडलेला एक पक्षी उघडला, तर मानेत गुलाबी माळ जशीच्या तशी, बर्सा बोराएवढी. हॅचरी, खाद्य, लस आणि ऊन या चारही शंका त्या एका पक्ष्याने मिटवल्या.

पेशीच्या आत काय घडले

आता या प्रकरणाचा गाभा. डेक्सामेथासोनने थायमस "खाल्ला" असे आपण म्हणतो, पण औषध पेशीला विषासारखे जाळत नाही. ते तिच्या जनुकांचा कारभार बदलते.

हा रेणू चरबीत विरघळतो, त्यामुळे पेशीच्या आवरणातून अलगद आत जातो. आत त्याला धरणारे प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राहक (रिसेप्टर), ग्लुकोकॉर्टिकॉइड ग्राहक, सोबतीच्या प्रथिनांना धरून केंद्रकाबाहेर वाट पाहत असतो. औषध चिकटले की तो सोबत्यांना सोडून केंद्रकात शिरतो आणि डीएनएवरच्या ठरावीक जागांवर बसतो. तिथून काही जनुके चालू होतात आणि काही गप्प बसतात.

चालू होणाऱ्यांत आय-कप्पा-बी-अल्फा नावाच्या प्रथिनाचे जनुक आहे. हे प्रथिन एनएफ-कप्पा-बी या दुसऱ्या प्रथिनाला केंद्रकाबाहेर अडवून ठेवते. एनएफ-कप्पा-बी म्हणजे रोगप्रतिकाराचा मोठा मुकादम. जंतू आला की तो केंद्रकात जाऊन दाह पेटवणाऱ्या जनुकांना कामाला लावतो. तो अडकला की इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ या दाहाच्या निरोप्यांची जनुके थंडावतात. शिवाय स्टेरॉइडने भारलेला ग्राहक स्वतःच जाऊन त्या मुकादमाचा हात धरतो. 'गिल्झ' नावाचे आणखी एक प्रथिन १९९७ मध्ये थायमसच्या पेशींतच सापडले, तेही स्टेरॉइडने वाढते आणि याच कामाला जोड देते. टी पेशींना "वाढा, दुप्पट व्हा" असा निरोप देणारे इंटरल्यूकिन-२ चे जनुक दबते. आबांच्या पक्ष्यांची घरघर याच वाटेने थांबली. आणि लस याच वाटेने वाया गेली. दोन्ही गोष्टी एकाच कळीने झाल्या, म्हणून एक ठेवून दुसरी टाळता येत नाही.

थायमसमध्ये याहून पुढचे घडते. तिथे घडत असलेल्या कोवळ्या पेशी, विशेषतः सीडी-४ आणि सीडी-८ ही दोन्ही चिन्हे एकाच वेळी अंगावर वागवणाऱ्या, स्टेरॉइडला फार हळव्या असतात. त्या ॲपोप्टोसिसने, म्हणजे पेशीच्या ठरवून केलेल्या मरणाने मरतात. ही संज्ञा १९७२ ची, आणि १९८० मध्ये थायमसच्या पेशींना स्टेरॉइड दिल्यावर त्यांचा डीएनए ठरावीक मापाचे तुकडे होऊन तुटतो हे दाखवले गेले. त्यानंतरच्या प्रयोगांतली एक गोष्ट मला आजही थक्क करते. पेशीला नवे आरएनए किंवा नवी प्रथिने बनवू दिली नाहीत, तर स्टेरॉइड देऊनही ती मरत नाही. म्हणजे मरण्यासाठी तिला आपलीच जनुके वाचावी लागतात. औषध फक्त पान उघडून देते. उंदरांत त्या पानावरचे एक नाव कळले आहे, 'बिम'. स्टेरॉइडने ते वाढते आणि पेशीच्या आत्मनाशाची साखळी सुरू होते.

तांदळाच्या कणीएवढा थायमस म्हणजे अशा असंख्य पेशींनी वाचून संपवलेले ते पान.

बर्साचे दुखणे वेगळे

बर्साबद्दल थोडे थांबून सांगावे लागेल, कारण या अवयवाचे आपल्यावर ऋण आहे आणि ते पोल्ट्रीबाहेर फारसे कोणाला माहीत नसते. माणसाच्या रक्तात प्रतिपिंडे बनवणाऱ्या ज्या "बी पेशी" असतात, त्यातला बी बर्साचा आहे. इटलीतल्या पदुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांचे या पिशवीचे वर्णन १६२१ मध्ये छापले गेले, पण ती कशासाठी आहे हे सव्वातीनशे वर्षे कोणाला कळले नाही. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक यांनी पिल्लांची बर्सा काढून टाकली होती. त्यांचा सहकारी टिमथी चँग याने वर्गात प्रात्यक्षिक दाखवायला तेच पक्षी उसने घेतले, त्यांना जंतूंची टोचणी दिली, आणि प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. मोठ्या नियतकालिकाने लेख परत पाठवला. शेवटी तो १९५६ मध्ये कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात आला. रोगप्रतिकारशास्त्राचा अर्धा पाया कोंबड्यांच्या खुराड्यात घातला गेला, ही गोष्ट आबांना सांगितली तेव्हा ते पहिल्यांदा जरा हसले.

कोंबडीच्या बी पेशीकडे प्रतिपिंडाच्या प्रत्येक साखळीसाठी बदलत्या भागाचे एकच चालते जनुक असते. शेजारी निकामी जनुकांची रांग असते. बर्सात वाढताना पेशी त्या रांगेतले तुकडे उचलून आपल्या चालत्या जनुकात ठिगळासारखे लावते, दर पेशी वेगळी ठिगळे. अशा गोधडीतून हजारो तऱ्हांची प्रतिपिंडे तयार होतात. स्टेरॉइडने बर्सातल्या पेशी मेल्या की हे शिवणकाम तेवढ्यापुरते बंद पडते.

मात्र इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. चौथ्या आठवड्यापर्यंत पुष्कळ बी पेशी बर्सातून निघून प्लीहेत आणि इतरत्र स्थिरावलेल्या असतात. मोठ्या वयात बर्सा काढली तर फारसे बिघडत नाही, हे ग्लिक यांच्याच कामात दिसले होते. म्हणून आबांच्या पक्ष्यांत प्रतिपिंडे कमी पडण्याचा सगळा दोष आटलेल्या बर्सावर टाकणे मला पटत नाही. ३५ व्या दिवशी लासोटा पाण्यातून घशात, डोळ्यामागच्या हार्डेरियन ग्रंथीत आणि पुढे प्लीहेत पोहोचली, तेव्हा तिथल्या पेशी शिल्लक होत्या पण त्यांची जनुके दबलेली होती. माझ्या मते खरा घात त्या आठवड्यात, तिथे झाला. आटलेली बर्सा ही त्या घाताची खूण, चाकूखाली आपल्याला दिसते ती.

पुण्याहून ऊतींचा अहवाल आला, त्याने हे चित्र पक्के केले. बर्साच्या पुटकुळ्या रिकाम्या, मधे जोडऊतक वाढलेले, थायमसचे बाह्यांग जवळजवळ नाहीसे, प्लीहेत लसिकापेशींचे पुंजके विरळ.

एक मित्र, जो प्रयोगशाळेत आरएनए मोजण्याचे काम करतो, मला म्हणाला की तू प्लीहेचे तुकडे गोठवून ठेवायला हवे होतेस, कोणती जनुके किती खाली गेली ते आकड्यात सांगता आले असते. त्याचे म्हणणे खरे, पण अशा आकड्यांत एक मोठा खड्डा आहे. समजा प्लीहेतल्या एकूण आरएनएमध्ये प्रतिपिंडाच्या जनुकाचे प्रमाण निम्मे झाले. याचा एक अर्थ असा की प्रत्येक बी पेशीने ते जनुक वाचणे कमी केले. दुसरा अर्थ असा की पेशी पूर्वीसारखेच वाचत होत्या, पण निम्म्या मेल्या. भजनी मंडळाचा आवाज उतरला तो गळे बसल्यामुळे की निम्मे टाळकरी उठून गेले म्हणून, हे बाहेरून फक्त आवाज ऐकून कळत नाही. उलटही होते. लसिकापेशी मेल्या की उरलेल्या आधार-पेशींची जनुके एकूण मापात वाढलेली दिसतात, जरी त्या पेशींनी नवे काहीच केलेले नसले तरी. रोगप्रतिकाराच्या अवयवांवरच्या औषधांबद्दल "अमुक शंभर जनुके वाढली, तमुक दोनशे घटली" असे वाचताना मी आधी पाहतो की त्यांनी पेशी मोजल्या होत्या का. सूक्ष्मदर्शकाखालची काच नसेल तर त्या यादीवर माझा अर्धाच विश्वास बसतो.

बाकीची रोगप्रतिकार दाबणारी औषधे वेगळ्या दारातून शिरतात. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांचे टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्यूरिन या विकराला अडवतात, त्यामुळे एनफॅट नावाचे प्रथिन केंद्रकात जाऊ शकत नाही आणि इंटरल्यूकिन-२ चे जनुक गप्प राहते. सायक्लोफॉस्फामाइड डीएनएलाच इजा करते. नुकत्याच निघालेल्या पिल्लाला ते तीन-चार दिवस टोचले तर बर्सा चाकूशिवाय काढल्यासारखी होते. स्टेरॉइडचे जाळे या सगळ्यांत रुंद, कारण त्याचा ग्राहक जवळपास प्रत्येक पेशीत आहे.

पुढे काय केले

मानमोडीच्या विषाणूवर औषध नाही. पुडी थांबवली, पण अधिवृक्क ग्रंथी निजलेल्या असल्याने एकदम न तोडता चार दिवसांत कमी करत आणली. आजारी पक्षी वेगळे केले, मेलेले चुना टाकून खोल पुरले, खाद्य पहाटे आणि सांजेला, पत्र्यावर उसाचे पाचट आणि त्यावर पाणी. उद्रेक चालू असताना जिवंत लस द्यावी असा सल्ला मला फोनवर मिळाला. मी दिली नाही. ज्या पक्ष्याची जनुके दबलेली आहेत त्याला जिवंत विषाणू देऊन काही मिळत नाही, झालाच तर त्रास होतो. अकराशेच्या वर पक्षी गेले.

पुडी थांबल्यावर सोळाव्या दिवशी नवीन लस, डोळ्यात थेंब आणि सोबत मृत विषाणूची तेलातली टोचणी. त्यानंतर तीन आठवड्यांनी रक्त घेतले तेव्हा बहुतेक पक्ष्यांची पातळी वर होती. ती लसीने चढली की रोगातून वाचल्याने, हे या चाचणीत वेगळे करता येत नाही, दोन्हींची प्रतिपिंडे एकाच आकड्यात येतात.

त्याच वेळी भांडणात जखमी होऊन मेलेले दोन पक्षी उघडले. मानेत माळ परत आलेली होती, खंड लहान पण मोजता येण्याजोगे. बर्सा मात्र तशीच खुरटी. याला कारण आहे. थायमसला आयुष्यभर मगजातून नव्या पेशींची कुमक मिळत राहते. बर्सात मूळ पेशी येतात त्या अंड्यातल्या पिल्लातच, उबवणीच्या आठव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान, आणि मग दार बंद होते. नंतर जे मरते ते आतल्या उरलेल्या पेशींनाच भरून काढावे लागते.

आबांनी नवे पक्षी आणायच्या आधी मला बोलावले. चहा पिताना त्यांची आई ओट्यावर येऊन बसली. गुडघे सुजलेले, चेहरा गोल, गाल वर आलेले. सुनेने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे ती ऐकत होती. मग कनवटीला बांधलेला कागद सोडून तिने माझ्यापुढे धरला.

"मन्हा गुडघासनी पुडी बी अशीच शे, भाऊ."

पांढरी पूड, कोऱ्या कागदात. मी माणसांचा डॉक्टर नाही. एवढेच सांगितले की ही एकाएकी बंद करू नका, आणि उद्याच्या उद्या धुळ्याला चांगल्या डॉक्टरकडे ही पुडी दाखवायला घेऊन जा. २०२० मध्ये याच डेक्सामेथासोनने, ठरावीक मात्रेत दहा दिवस देऊन, कृत्रिम श्वासावर असलेल्या कोविडच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले होते. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही. वहिनींनी दुसऱ्या दिवशी आजींना नेले. पुडीत स्टेरॉइडच असावे असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले आणि मात्रा हळूहळू उतरवायला घेतली. पुड्यांबद्दलची लेखी तक्रार आबांनी आणि मी मिळून केली आहे.

नवीन खेपेच्या वहीत 'इतर' हा रकाना राहिलेला नाही. त्या जागी वहिनींनी दोन आखले आहेत, 'औषधाचे नाव' आणि 'कोणी सांगितले'. परवा ४० व्या दिवशी दारात चेंगरून मेलेली एक तलंग त्यांनी फ्रीजमध्ये ठेवून मला फोन केला. निंबाखाली बसून मान सोलली. डावीकडे सात, उजवीकडे सहा, सातवा शिरेच्या मागे दडलेला होता. तो वहिनींनी बोट ठेवून दाखवला.